टाकीची गाडी कुणाचं पाणी पिते

आमच्या शेजारी जो माणूस राहतो त्याला सगळी गल्ली तोंडावर 'साहेब' म्हणते आणि त्याची पाठ वळली की 'टाकी'. खरं नाव फाटकावरच्या पाटीवर आहे, पण पाटीवर वेल चढलाय आणि तो वेल कापावा असं आजवर कुणालाही वाटलेलं नाही. पाणीपुरवठा खात्यात हा उभा जन्म व्हॉल्व्ह उघडायचा आणि बंद करायचा. सुरुवातीला स्वतःच्या हाताने, लोखंडी किल्ली खांद्यावर टाकून. बढती मिळाल्यावर दुसऱ्याच्या हाताने, खुर्चीत बसून. काम एवढंच. पण बोलणं ऐकलं तर वाटावं, नद्या यानेच खणल्या आणि पाऊस याच्या सहीने पडतो.

त्याचा सगळा रुबाब एका गोष्टीवर उभा होता. कुठल्या गल्लीला पाणी किती वाजता सुटणार हे त्याला ठाऊक असायचं आणि ते तो सांगायचा नाही. बायका कळश्या, बादल्या, पातेली मांडून बसायच्या आणि हा फाटकाशी उभा राहून दात कोरायचा.

"साहेब, आज पाणी येणार ना?"

"बघू."

हे 'बघू' त्याच्या खात्याने त्याला दिलेलं एकमेव शस्त्र, आणि ते त्याने कधी म्यान केलं नाही. घरी बायकोने विचारलं, जेवायला वाढू का, तरी हा म्हणणार, "बघू." लग्नाच्या बैठकीतही मुलगी पसंत आहे का विचारल्यावर हेच म्हणाला होता, असं त्याची बायकोच सांगते. तिला मी ताई म्हणते. ताई बिचारी गरीब गाय, पण अधूनमधून शेपटी मारते. "तेव्हाच उठून जायला हवं होतं," ती म्हणाली, "पण चहा गॅसवर होता."

आमचं आणि टाकीचं जुनं आहे. माझं शिवणाचं मशिन खिडकीशी असतं आणि खिडकी नेमकी त्याच्या पोर्चकडे उघडते. मध्ये छातीएवढी भिंत. एकदा मी अंगणातल्या नळाला रबरी नळी लावून ती धुण्याच्या मशिनला जोडली. भिंतीवरून याने पाहिलं. दुसऱ्या दिवशी दोन माणसं घेऊन दारात हजर.

"वहिनी, ही बेकायदा जोडणी आहे. तोडावी लागेल."

"भाऊजी, नळ माझा, नळी माझी, मशिन माझं. बेकायदा कोण, मी?"

"नियम म्हणजे नियम. शेजार शेजाराच्या जागी, खातं खात्याच्या जागी."

आणि नळीच नव्हे, नळच तोडून गेला. मग माझ्या नवऱ्याने त्याच्या टेबलापुढे उभं राहून चूक झाली म्हटलं, तेव्हा कुठे घरात पाणी आलं. त्या टेबलावर चहाचा थर्मास होता, तो आमच्या घरून मागून नेलेला. अजून परत आलेला नाही.

पुढे दैवानेच सूड घेतला. गावाला नवी योजना आली, पाणी दिवसभर राहू लागलं, व्हॉल्व्ह आपले आपणच उघडू-मिटू लागले. त्याच सुमारास टाकी निवृत्त झाला. फोन वाजायचा बंद. फाटकाशी उभा राहून दात कोरायचा, पण विचारायला कुणी येईना. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात. इथे पाणी आटलं तरी खळखळाट चालूच होता. दूधवाल्याला थांबवून सांगायचा, "आमच्या वेळी प्रेशर बघायला हवं होतंस!" दूधवाला म्हणायचा, "बघितलंय साहेब, तुमचंच बघितलंय," आणि सायकल दामटायचा.

मग याने विजेवर चालणारी गाडी घेतली.

गाडी आली त्या दिवशी सगळी गल्ली भिंतीला लागून उभी. कंपनीचा माणूस गाडी पोचवायला आला होता, गळ्यात पट्टा, हातात फोन. तो म्हणाला, "साहेब, गाडीला घरचं वायफाय जोडून देतो. नवीन सॉफ्टवेअर त्यावरूनच येतं, आपोआप. गाडी सुधारत राहते."

आता टाकीच्या घरचं वायफाय कसं, ते सांगते. कोणी चोरून वापरू नये म्हणून याने तो खोका आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवला होता आणि कपाटाला कुलूप. खोका कपाटात गुदमरलेला; पलीकडच्या स्वयंपाकघरातसुद्धा रेंज पोचायची मारामार, पोर्च तर लांबच. कंपनीचा माणूस फोन वर धरतो, खाली धरतो, गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो. टाकी फोटोसाठी कोट घालायला आत गेलेला. मी खिडकीतून म्हटलं, "आमचं लावा की हो. तुम्हालाही दुसरीकडे जायचं असेल." पासवर्ड सांगितला. गाडीच्या पडद्यावर पंख्यासारखी खूण उमटली.

टाकी कोट घालून बाहेर आला. "लागलं?"

"लागलं, साहेब."

"लागणारच. कनेक्शन कुणाचं आहे!"

कंपनीच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी दोरा दाताने तोडला आणि मान खाली घालून काज करू लागले. तोही शहाणा. सही घेतली आणि सटकला.

त्याच दिवशी सांगून टाकणार होते. पण म्हटलं, मजा एक दिवस मुरू दे. आणि मुरलेली गोष्ट लवकर बरणीबाहेर काढवत नाही, हे घरोघरी माहीत आहे. पडद्यावर आमच्या वायफायचं नाव यायचं, पण दोन्ही घरचे खोके एकाच कंपनीचे; नावं म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ. ती वाचायला चष्मा लावावा लागतो, आणि टाकी चष्मा फक्त दुसऱ्याच्या चुका बघायला लावतो.

पहिलं अपडेट आलं आणि याला नवं खातं मिळालं. सकाळी गल्लीतून फिरून आला. "आमची गाडी कालच्यापेक्षा आज हुशार आहे."

"बरं झालं," मी म्हटलं, "घरात कुणीतरी हवंच."

त्याला टोमणा कळत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. आणि घडा तो खात्याचा, चांगला जाड.

पण खरा तमाशा पुढेच. दुसऱ्या अपडेटला वेळ लागला. लागणारच; आमचं कनेक्शन सगळ्यात स्वस्तातलं आणि त्या वेळी मी माझी मालिका बघत होते. टाकीने मात्र जन्मभराची विद्या पणाला लावली. त्याच्या डोक्यात वायफाय म्हणजे पाणी. पाणी उंचावरून उताराने येतं, म्हणून खोका कपाटातून निघाला आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी गेला, वर उपडं घमेलं. वळणावर प्रेशर मरतं, म्हणून त्याची वायर जिन्यातून सरळ ओढून घेतली. ताई वायर धरून एकेक पायरी चढतेय आणि हा खालून ओरडतोय, "ताण! वाकवू नकोस! वाकलं की अडतं!"

"तुमच्यासारखंच," ताई वरून म्हणाली.

आणि शेवटचा नियम: एका लायनीला पाणी सोडलं की बाकीच्या लायनी बंद. अपडेट आलं की घरातले सगळे फोन बंद करून एका प्लास्टिकच्या बादलीत जमा करायचे. बादलीच. दुसरं भांडं त्याला सुचतच नाही. मग हा गाडीत जाऊन बसणार, पडद्यावरची पट्टी पुढे सरकताना बघणार आणि काच खाली करून ओरडणार, "चढतंय! चढतंय!"

आणि अपडेट दरवेळी पुरं व्हायचं! होणारच, ते माझ्या शिवणाच्या टेबलाखालून जात होतं. पण टाकीला वाटायचं, गच्ची, घमेलं, वायर आणि बादली यांनीच झालं. नाक्यावर बसून लोकांना सल्ले द्यायचा. पलीकडच्या गल्लीतल्या एका मास्तरांनी ऐकून आपला खोका गच्चीवर नेला आणि पहिल्याच पावसात घालवला. टाकी म्हणाला, "घमेलं चुकीचं असणार."

घरातल्या माणसांचं काय होत होतं ते याच्या गावीही नव्हतं. मुलगा औषधांच्या कंपनीत फिरतीवर; घरी असला तर "बाबा म्हणतात तेही बरोबरच आहे" एवढं एकच वाक्य टेपसारखं लावायचा. राहिली सून.

सूनबाई लग्नाआधी विमा कंपनीत होती. लोकांच्या अपघात झालेल्या गाड्यांचे दावे तपासायची: खरोखर ठोकली की आधीच ठोकलेली होती, दिवा आजचा फुटला की मागच्या वर्षीचा. भलेभले तिच्यापुढे चळचळा कापायचे म्हणे. मुलगी झाली, नोकरी सुटली. मुलगी शाळेत जाऊ लागली तशी ही पुन्हा धडपडू लागली. टाकी म्हणायचा, "कशाला हवंय? घरात काय कमी आहे?" घरात काय कमी होतं ते मला विचारा. त्या घरात एकही दार असं नव्हतं की जे ती आतून लावून बसू शकेल.

एक दिवस ती माझ्याकडे कोट घेऊन आली. जुना, गडद निळा, ऑफिसात घालायची तो.

"काकू, बाजूची शिवण थोडी सोडून द्याल? बंद होत नाहीये."

"कुठे निघालीस नटूनथटून?"

"कुठेच नाही. घरातूनच मुलाखत आहे, लॅपटॉपवर. शेवटची फेरी." मग हळूच म्हणाली, "घरून काम करायचंय. मोठी कंपनी आहे. दोनदा बोलले त्यांच्याशी, आता फक्त वरचे साहेब उरलेत. हे जमलं तर जमलं, काकू. पाच वर्षं घरी बसलेल्या बाईला पुन्हा पुन्हा कोण बोलावतं?"

"सासऱ्यांना सांगितलंस?"

"सांगितलंय. बुधवारी दुपारी तीनला मला वायफाय लागेल म्हणून."

"मग काय म्हणाले?"

दोघी एकदमच म्हणालो, "बघू."

मी शिवण अशी सोडली की कोट तिच्या अंगावर पुन्हा जन्मल्यासारखा बसला. मजुरी घेतली नाही. म्हटलं, पहिल्या पगाराला साडी नको, गप्पा मारायला ये.

बुधवारी सकाळी टाकी भिंतीपाशी आला तो फुलूनच. "वहिनी, आज मोठं अपडेट आलंय. गाडीला कुलूप लावलं की पुढचे दिवे एकामागून एक लुकलुकणार. नाचल्यासारखे!"

"अगंबाई! आणि त्याने काय होणार?"

"काय होणार म्हणजे? दिसणार!"

खात्यातले जुने सोबती दुपारी चहाला बोलावले होते, दिव्यांचा नाच बघायला. म्हणजे त्याआधी अपडेट उतरायला हवं. म्हणजे जेवण झालं की बादली.

पुढचं सगळं मला खिडकीतून ऐकू आलं. ऐकायला नको होतं असं म्हणणार नाही.

"बाबा, आज माझी मुलाखत आहे. मी सांगितलं होतं."

"मग मी काय नाही म्हणतोय? उद्या घे."

"उद्या ती माणसं नसतात. वेळ त्यांनी दिलेली आहे."

"हे बघ, पाणी एका वेळी एकाच लायनीला सुटतं. हे तुला कळायचं नाही, तुझा तो विषय नाही. फोन टाक बादलीत."

"बाबा, दिवे नाचायला उद्या नाचतील. मला उद्या नाही."

"माझी माणसं आज येणार आहेत! त्यांना काय सांगू, सुनेला नोकरी करायची होती म्हणून दिवे नाचले नाहीत? माझ्या घरात मी बंद म्हटलं की बंद."

ताई म्हणाली, "अहो, पोरीचं एवढं—"

"तू वर जा, वायर बघ."

मग फोन बादलीत पडल्याचा आवाज आला. एक, आणि दुसरा. हा माणूस जन्मभर लोकांच्या तहानेवर बसून मोठा झाला; घरात तहान लागली तर ओळखणार कसा?

थोड्या वेळाने आमच्या मागच्या दारात सूनबाई. वर निळा कोट, खाली घरातली फुलाफुलांची विजार, काखेत लॅपटॉप. डोळे कोरडे. रडून झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"काकू, तुमच्याकडे बसू?"

"विचारतेस काय! बस. आमच्याकडे बादली नाही."

मी कापायचं टेबल रिकामं केलं, मागचा कपड्यांचा पुतळा हात-पाय नसलेला बरा दिसणार नाही म्हणून पडद्याआड ढकलला. आमच्या गल्लीत मोबाइलचं नेट म्हणजे नुसतं हाय-हॅलोपुरतं, पण आमचं वायफाय स्वस्तातलं असलं तरी एका माणसाला पुरतं. तिने लॅपटॉप जोडला. पडद्यावर तीन तोंडं आली. मी बाजूला टीप घालायचं थांबवून बसले, मशिनचा खडखडाट नको म्हणून.

आणि काय बोलत होती हो! घरात "हो बाबा, नाही बाबा" करणारी हीच का? मधला टकल्या साहेब विचारतो, एखाद्याने गाडी भिंतीला घासली आणि म्हणतो उभ्या गाडीला कुणीतरी ठोकलं, तर कसं ओळखाल? ही म्हणते, "ओरखडा कुठून सुरू झाला आणि कुठे संपला ते बघते, सर. उभी गाडी ओरखडा पुढे ओढत नाही. माणसं खोटं बोलतात, पत्रा नाही बोलत." टकल्या पुढे सरकून बसला. मी मनात म्हटलं, घेतली!

तेवढ्यात टकल्याचं तोंड अर्धं उघडं राहिलं ते तसंच. बाजूची बाई हवेत हात करून गोठली. आवाज तुटक तुटक: "तुमचा... ऐकू... पुन्हा..."

सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. "सर? मला ऐकू येतंय का? सर?" चित्र हललं, पुन्हा गोठलं. "कनेक्शन... अडचण... असेल तर आपण... इथेच..."

'इथेच' म्हणजे काय ते तिलाही कळलं, मलाही.

मी सवयीने खिडकीबाहेर पाहिलं. पोर्चमध्ये गाडी. गाडीत टाकी. काच खाली आली आणि आरोळी उठली, "चढतंय! सुसाट चढतंय!"

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अहो, चढणारच! माझ्याकडूनच चढतंय! ती लाडाची गाडी आमच्या इवल्याशा कनेक्शनला तोंड लावून घटाघटा पीत होती, आणि इथे ही पोर तहानलेली. आणि एवढे दिवस मी या गमतीवर पोट धरून हसले होते.

बोलायची सोय नव्हती, माइक चालू. हाताशी काळं अस्तराचं कापड होतं आणि खडू. मी कापडावर मोठ्ठं लिहिलं: गाडी आपलं वायफाय पितेय. आणि लॅपटॉपच्या मागे उभी राहून धरलं.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. माझ्याकडे पाहिलं. मी कानाला हात लावून मान डोलावली. पंचनामा करायला निघालेल्या माणसासारखा तिचा चेहरा झाला.

"सर, मला दोन मिनिटं द्या," ती पडद्याला म्हणाली. "इथे एक अडथळा आहे. तो काढून येते." आणि उत्तराची वाट न बघता उठली. माझ्या सपाता पायात, वर कोट, खाली फुलं, अशी ताडताड फाटकातून पलीकडे गेली.

त्याच वेळी टाकीचे जुने सोबती येऊन ठेपले होते, वेळेआधीच. निवृत्त माणसांना चहाची घाई. त्यातला एक मीटर तपासायचा, त्याला मी ओळखत होते. सगळे पोर्चच्या कडेला उभे. मीही भिंतीशी गेले. आता न जाऊन कसं चालेल?

सूनबाईने गाडीचं दुसरं दार उघडलं आणि सासऱ्याशेजारी जाऊन बसली.

"हात लावू नकोस!" टाकी किंचाळला. "थोडंच राहिलंय!"

"बाबा, हे पाणी कुठून येतंय?"

"कुठून म्हणजे? आपल्या गच्चीवरून!"

"नाव वाचा."

"माझा चष्मा आत आहे."

"मग मी वाचते." तिने पडद्यावरची ती अक्षरांची माळ एकेक अक्षर करून वाचली, बाहेरच्या चहावाल्या मंडळींना ऐकू जाईल अशी. "हे आपलं नाही, बाबा. काकूंचं आहे. आपलं गच्चीवर घमेल्याखाली आहे, ते इथपर्यंत पोचतच नाही. गाडी आली त्या दिवसापासून काकूंचं लागलंय."

"शक्य नाही! मी प्रेशर—"

मी भिंतीवरून म्हटलं, "भाऊजी, दुसऱ्याच्या लायनीला आपली नळी लावली, तर तुमच्या खात्यात त्याला काय म्हणायचे हो?"

उत्तर मागून आलं. मीटरवाल्याने सवयीने, मान खाली घालून, अगदी गंभीरपणे सांगितलं, "बेकायदा जोडणी."

"आणि तिचं काय करायचं?"

"तोडायची," मीटरवाला म्हणाला आणि मग त्याला कळलं आपण कुणाबद्दल बोलतोय. पण सुटलेलं पाणी परत पाइपात जात नाही.

सूनबाईने पडद्यावर बोट टेकलं. गाडीने विचारलं, हे वायफाय विसरायचं का? तिने 'हो' दाबलं. पंख्याची खूण गेली. पट्टी जिथे होती तिथे उभी राहिली.

"अर्धवट राहिलं!" टाकीचा आवाज चिरकला. "गाडी बिघडली तर? माझी माणसं उभी आहेत इथे!"

"बिघडत नाही. जिथे थांबलंय तिथून पुन्हा सुरू होतं," ती दार उघडत म्हणाली. "तुमचं थांबू शकतं, बाबा. माझं थांबत नव्हतं. एवढाच फरक होता, आणि तो मी मघाशी सांगितला होता."

आणि परत आमच्याकडे. मी तिच्या मागोमाग धावले. टकल्या साहेब अजून तिथेच होता, आता नीट हलत-बोलत. त्याने विचारलं, "काय झालं होतं?"

ही म्हणाली, "चोरटी जोडणी होती, सर. सापडली. तोडून आले."

तिकडे तिघं हसले. मग त्याने पुढचा प्रश्न विचारला, तो पगाराबद्दल होता. मी पडद्याआड जाऊन पुतळ्याच्या गळ्यात पडले.

नोकरी लागली. टाकीला काही शरम वगैरे वाटली असं कुणी समजू नये. ती जात वेगळी असते. पहिले काही दिवस तो नाक्यावर सांगत होता, "सुनेने मुद्दाम गाडीचं सॉफ्टवेअर अर्धवट तोडलं." नोकरी लागल्याचं कळलं तशी कहाणी फिरली: "मीच म्हटलं, शेजारी जाऊन बस, तिथे शांतता आहे." आमच्याबद्दल म्हणायचा, "एवढे महिने आमच्या गाडीत काय काय घुसवलं असेल त्यांनी, देव जाणे!" फुकटचं प्यायला आणि वर पाणी खारट म्हणतोय.

मुलगा फिरतीवरून आला, सगळं ऐकून म्हणाला, "बाबा म्हणतात तेही—" आणि बायकोकडे बघून वाक्य गिळलं. आजवरची त्याची सगळ्यात मोठी मर्दुमकी.

सूनबाईने स्वतःच्या नावावर नवं कनेक्शन घेतलं, चांगलं जाड. पुढच्या खोलीला कडी लावून घेतली, आतून. खोका तिच्या टेबलावर. त्या खोलीची भिंत पोर्चला लागून, त्यामुळे गाडीला भरपूर रेंज. पासवर्ड मात्र तिच्याकडे. काम चालू असताना गाडीला बंद. ताईचा फोन दिवसभर चालू, आणि बादलीत आता ताई भाज्या धुते.

परवा पुन्हा अपडेट आलं. टाकी त्या खोलीच्या दारापाशी उभा होता, माझ्या खिडकीतून अर्धा दिसत होता. दारावर टकटक केलं, पण अगदी हलकं, पूर्वी लोक त्याच्या टेबलावर करायचे तसं.

"सूनबाई, काम झालं का? नाही, म्हणजे... आज सोडणार का?"

आतून आवाज आला, "बघू."